आइसलंडचे प्रदक्षिणावीर

उन्हाळ्यात आइसलंडभोवती चक्कर मारणाऱ्या छोट्या ‘एक्स्पिडिशन’ जहाजांची माहितीपत्रकं उघडा. पहिल्या दोन पानांत जहाजाच्या पोलादी कवचाचा महिमा भेटतो. बर्फ कापत जाणारी नाळ, ध्रुवीय दर्जाचं प्रमाणपत्र, भक्कम पत्रा. आता मला सांगा, जुलै महिन्यात आइसलंडच्या किनाऱ्याला हे पोलाद नेमकं कापणार काय? या बेटाला उबदार सागरी प्रवाहाचा शेक मिळतो. रेक्याविकचं बंदर बाराही महिने उघडं असतं. ग्रीनलंडकडून वाहत आलेला बर्फ कधीमधी वायव्येच्या फ्योर्डांच्या, म्हणजे चिंचोळ्या खाड्यांच्या, तोंडाशी येतो, तोही बहुधा हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंतात. म्हणजे प्रवासी मंडळी ट्रंका भरायच्या आधी.

पुढची गंमत कायद्यातच आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ध्रुवीय जलवाहतुकीची नियमावली 1 जानेवारी 2017 पासून लागू आहे. तिच्यात आर्क्टिक पाण्याची हद्द आखून दिली आहे. ही रेषा ग्रीनलंडच्या दक्षिणेकडून येते, आइसलंडला बाहेर ठेवून त्याच्या उत्तरेने सरकते आणि यान मायेन बेटाकडे जाते. सारं आइसलंड रेषेच्या अलीकडे राहतं. नियम लिहिणाऱ्या तज्ज्ञांना जिथे ध्रुवीय धोका दिसला नाही, तिथे जाहिरात लिहिणाऱ्याला तो कसा दिसला? उत्तर तिकिटाच्या किमतीत आहे. ‘जहाजाने आठवडाभर सहल’ म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं. ‘ध्रुवीय मोहीम’ म्हटलं की तेच गिऱ्हाईक माणशी सहा-आठ लाख रुपये मोजतं आणि वर कंपनीचे आभार मानतं.

हे वारं आता आपल्या सुखवस्तू मराठी घरांतही शिरलं आहे. पुण्यात एका जोडप्याने अशा सफरीवर सचित्र व्याख्यान ठेवलं होतं. मी गेलो होतो. दोघंही सज्जन, दोघांचे फोटो उत्तम. पण पहिल्याच मिनिटाला गृहस्थ म्हणाले, “आम्ही तिथे टुरिस्ट म्हणून गेलो नव्हतो.” आणि श्रोत्यांनी आदराने माना डोलावल्या! त्या डोलणाऱ्या मानांनी मला हा लेख लिहायला लावलं. त्यांनी सुट्टी घेतली, पैसे खर्च केले, पफिन पक्षी पाहिले, याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती सुट्टीला पराक्रमाचा फेटा बांधण्याबद्दल. पैसे देऊन जागा विकत घ्यायची, आणि त्याच पैशांत इतर प्रवाशांना तुच्छ लेखण्याचा अधिकारही विकत घ्यायचा, याबद्दल.

या मोहिमेचा दिवस कसा जातो ते बघू. सकाळी भरपेट न्याहारी. मग ध्वनिक्षेपकावर घोषणा होते. कंपनीने भेट दिलेलं भडक रंगाचं जाकीट, उसने रबरी बूट आणि लाइफ जॅकेट चढवून मंडळी झोडियाक नावाच्या हवा भरलेल्या बोटीत बसतात. किनाऱ्यावर तास-दोन तास वाटाड्याच्या मागे रांगेने चालतात. परत जहाज, गरम सूप, दुपारी भूशास्त्रावर व्याख्यान. (सह्याद्रीच्या बेसाल्टवर जन्म काढलेली माणसं तिथे पहिल्यांदा बेसाल्ट म्हणजे काय ते ऐकतात. शाळेत ऐकलं असतं तर फुकट होतं.) रात्री चार-पाच पदार्थांचं जेवण, त्यानंतर उद्याच्या ‘साहसा’ची पूर्वसूचना, मग उबदार खोली. यात जोखीम वाटाड्याची, मेहनत खलाशांची, आणि शौर्य मात्र प्रवाशांच्या नावावर जमा!

ज्या बेटाला वेढा घालून हे शौर्य गाजवलं जातं, त्याला 1974 पासून वर्तुळाकार रस्ता आहे. स्कायदारा नदीच्या वाळवंटावर पूल झाला आणि फेरी पूर्ण झाली. लांबी सुमारे 1,320 किलोमीटर. म्हाताऱ्या बायका त्यावरून मोटार हाकत नातवंडांना भेटायला जातात. वायव्येचे फ्योर्ड, पश्चिमेची टोकं, वेस्टमन बेटं या रस्त्याच्या बाहेर राहतात, हे खरं. पण तिथेही बरीचशी वाट फाट्यांनी, बोगद्यांनी आणि रोजच्या फेरीबोटींनी जाते. माणसं राहतात तिथे.

माणसं राहतात, याचीच या मोहिमांना सगळ्यात मोठी अडचण वाटते. ‘अस्पर्शित’, ‘मानवी पाऊल न पडलेलं’ ही विशेषणं माहितीपत्रकांत मिठासारखी पेरलेली असतात, आणि हॉर्नस्ट्रांडिरच्या पानावर तर मुठीने. वायव्येच्या अगदी टोकाचा हा मुलूख. ध्रुवीय कोल्हे, फुलांनी भरलेली कुरणं, समुद्रात कोसळणारे कडे. मानवी पाऊल न पडलेला? शतकानुशतकं तिथे माणसांनी मेंढ्या पाळल्या, मासे मारले, पोरं वाढवली. रस्ते आले नाहीत, मासळी आटली, आयुष्य अशक्य झालं, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शेवटची कुटुंबं उठून गेली. 1975 मध्ये तो प्रदेश राखीव झाला. हेस्टेरीला आजही जुनी घरं उभी आहेत आणि देवमासे गाळण्याच्या कारखान्याचे अवशेष आहेत. हा कारखाना पुढे हेरिंग मासळीच्या तेलासाठी वापरला गेला. उठून गेलेल्यांचे वंशज दर उन्हाळ्यात तिथे येतात आणि आजोबांच्या घराचं छप्पर दुरुस्त करतात. आणि आपले मोहीमवीर त्याच घरासमोर उभे राहून निर्जन निसर्गाचं गुणगान करतात! दुसऱ्याच्या ओस पडलेल्या गावाला कुमारी भूमी म्हणणं हा निव्वळ उद्दामपणा आहे.

लाउत्राब्यार्गला चला. आइसलंडच्या पश्चिम टोकाचा हा कडा सुमारे 14 किलोमीटर लांब आणि सर्वांत उंच जागी 441 मीटर. लाखो समुद्रपक्षी तिथे घरटी करतात. जहाजवाले खालून, झोडियाकमधून, मान वर करकरून पाहतात. पफिन मात्र कड्याच्या माथ्यावर गवताच्या कडेला बिळं करतो. ज्याने भाड्याची लहानशी मोटार काढून खडी-मातीच्या रस्त्याने धक्के खात माथा गाठला, तो गवतावर पोटावर आडवा पडतो आणि पफिन त्याच्यापासून दोन-चार हातांवर शांत बसलेला असतो. लाखो रुपयांच्या मोहिमेला ठिपके दिसतात, आणि खडबडीत रस्त्याने आलेल्या साध्या टुरिस्टाला चोचीवरचे रंग मोजता येतात. पण या कड्याबद्दल बोलायचं ते केवळ पक्ष्यांसाठी नाही.

12 डिसेंबर 1947 रोजी ‘धून’ नावाचं ब्रिटिश मासेमारी जहाज याच कड्याखाली खडकांवर आदळलं. डिसेंबरात तिथे दिवसाचा उजेड मोजका. आसपासच्या वाड्यांवरचे शेतकरी गोळा झाले. अंडी काढायला दोरावरून कडा उतरण्याची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्याच दोरांनी ते अंधारात, बर्फात, निसरड्या कड्यावरून खाली उतरले. बारा खलाशांना त्यांनी एकेक करून वर काढलं. सुटका व्हायला काही दिवस लागले, काहींना रात्र कड्यातच काढावी लागली. घरच्या बायकांनी अन्न शिजवलं, कपडे दिले, परक्या माणसांना आपल्या अंथरुणात झोपवलं. पुढच्या वर्षी ओस्कार गिस्लासोन या चित्रपटकाराने त्या घटनेवर माहितीपट करायला घेतला. चित्रीकरण चालू असताना जवळच दुसरं ब्रिटिश जहाज, ‘सार्गन’, फुटलं. शेतकरी अभिनय सोडून खऱ्या सुटकेला धावले आणि कॅमेरा त्यांच्यासोबत गेला. 1949 च्या त्या चित्रपटात खरी सुटका आहे.

ही मोहीम! ना जाकीट भेट मिळालं, ना प्रमाणपत्र. आजही आइसलंडमध्ये समुद्रात, हिमनदीवर, वादळात अडकलेल्यांना सोडवायला जातात ते बिनपगारी स्वयंसेवक. नोकरी सांभाळून, रात्री-अपरात्री उठून. त्यांच्या पथकांच्या खर्चाचा मोठा वाटा नववर्षाच्या रात्रीचे फटाके विकून उभा राहतो. ज्या देशात सुतार आणि शिक्षक अशी कामं करतात, तिथे रबरी बोटीत तासभर बसून आलेल्या माणसाने धाडसाच्या गोष्टी सांगायच्या? थोडी लाज असावी.

प्रमाणपत्राचं नाव निघालंच आहे, तर ग्रिमसे बेट. आर्क्टिक वृत्त आइसलंडच्या याच चिमुकल्या बेटावरून जातं. वस्ती शंभराच्याही आत. जहाज येतं, मंडळी उतरतात, वृत्तापर्यंत चालत जातात, फोटो काढतात, आणि संध्याकाळी कप्तानाच्या सहीचं ‘आर्क्टिक वृत्त ओलांडल्याचं’ प्रशस्तिपत्र हातात पडतं. आता खुद्द वृत्ताचं ऐका. पृथ्वीच्या अक्षाचा कल सावकाश बदलतो, त्यामुळे हे वृत्त दरवर्षी सुमारे 14-15 मीटर उत्तरेकडे सरकतं. तिथे 2017 मध्ये एक सुमारे आठ टनांचा गोल बसवला आहे. वृत्त सरकलं की त्याच्यामागून तो गोलही हलवायचा, अशी योजना. या शतकाच्या मध्यापर्यंत वृत्त बेट सोडून समुद्रात जाईल. कल्पना सुंदर आहे आणि खगोलशास्त्राचा धडा जमिनीवर आणते. पण तो धडा शिकायला बेटावर थांबायला हवं. वाहून आलेल्या लाकडांनी बांधलेलं बेटकऱ्यांचं जुनं चर्च सप्टेंबर 2021 मध्ये आगीत खाक झालं, आणि एवढ्याशा वस्तीने ते पुन्हा उभारायला घेतलं. त्या माणसांशी दोन वाक्यं बोलायची तर एक तरी रात्र मुक्काम हवा. पण तोवर जहाजाची शिट्टी झालेली असते. शिक्का मिळाला, विषय संपला.

सिग्लुफ्योर्डुरला तेच. 1903 पासून हेरिंग मासळीवर उभं राहिलेलं, एकेकाळी तीन हजारांवर वस्तीचं गाव. बेसुमार मासेमारीने 1960 च्या दशकाच्या अखेरीस हेरिंग संपली आणि गाव रिकामं होत गेलं. आज तिथे हेरिंगच्या काळाचं उत्कृष्ट संग्रहालय आहे आणि धक्क्यावर मासळी खारवण्याचं प्रात्यक्षिक होतं. निसर्ग ओरबाडून झालेल्या धंद्याचा एवढा स्पष्ट पंचनामा जगात फार ठिकाणी नाही. प्रवासी टाळ्या वाजवतात आणि जेवायला जहाजावर परततात.

जहाजावरच! माझ्या मते सगळ्यात गंभीर गोष्ट ही. नर्मदेची परिक्रमा करणारा माणूस निदान गावोगावच्या ओसरीवर निजतो, कुणीतरी वाढलेलं खातो, त्या काठाचा ऋणी होतो. इथे झोप जहाजावर, जेवण जहाजावर, दारू जहाजावर, दुकानसुद्धा जहाजावर. गावाच्या वाट्याला बंदराची फी, एखाद-दोन स्थानिक वाटाड्यांचं काम आणि पायवाटेवरचा चिखल. ‘स्थानिक समाजाशी जबाबदार नातं’ असं ज्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, त्यांनी त्या समाजाकडून एक वाटी सूप तरी विकत घ्यावं.

छोट्या जहाजवाल्यांचा एक लाडका युक्तिवाद असतो: आम्ही मोठ्या जहाजांसारखे नाही. मान्य. तीन हजारांच्या आत वस्तीच्या ईसाफ्योर्डुरमध्ये एका मोठ्या जहाजातून गावापेक्षा जास्त माणसं एका सकाळी उतरतात, तेव्हा गावाचा श्वास कोंडतो. दीड-दोनशे माणसांनी तसं होत नाही. पण ‘शेजारी माझ्यापेक्षा वाईट आहे’ यातून स्वतःचं साधुत्व सिद्ध होत नाही. आणि इंधनाचं काय? हजारो टनांचं जहाज ढकलायचं, खोल्या गरम ठेवायच्या, स्वयंपाकघर चोवीस तास चालवायचं, आणि हा सगळा भार भागायचा मोजक्या डोक्यांवर. माणशी हिशेब केलात तर ही ऐसपैस छोटी जहाजं खच्चून भरलेल्या मोठ्या जहाजांपुढे चांगली दिसत नाहीत. हा हिशेब माहितीपत्रकात कधी पाहिलात? मी तरी पाहिला नाही. बर्फाला टक्कर देणाऱ्या पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. माणशी जाळलेलं तेल लिटरमध्ये मिळत नाही.

आणि त्याच जहाजाच्या सभागृहात हवामानबदलावर गंभीर व्याख्यान होतं! ‘ओक’ ही हिमनदी 2014 मध्ये मृत ठरली, ऑगस्ट 2019 मध्ये तिच्या जागी स्मृतिफलक बसवला गेला, हे तिथे सांगतात. माझा व्याख्यात्यांवर राग नाही. त्यांतले बरेच खरे अभ्यासक असतात आणि पोटासाठी हे काम करतात. राग आहे तो त्या व्याख्यानाच्या वापरावर. हिमनदीसाठी डोळे ओले करायचे आणि त्या ओलाव्याचं भांडवल करून पुढच्या वर्षीचं ग्रीनलंडचं तिकीट विकायचं. ‘वितळण्याआधी पाहून घ्या’ हा या धंद्याचा गुरुमंत्र आहे. मरणासन्नाच्या उशाशी बसून तिकिटं फाडण्याचा हा प्रकार.

ध्रुवीय वीरांचीच संगत हवी असेल तर त्यांची आठवण नीट ठेवा. जॉं-बाप्तिस्त शार्को हे फ्रेंच संशोधक. 16 सप्टेंबर 1936 रोजी ग्रीनलंडहून परतताना त्यांचं ‘पूर्क्वा-पा?’ हे जहाज वादळात आइसलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ खडकांवर फुटलं. शार्को गेले, सहकारी गेले, जहाजावरचा एकच माणूस जिवंत किनाऱ्याला लागला. आज त्यांचं नाव एका आलिशान बर्फफोड्या पर्यटक-जहाजावर रंगवलेलं आहे. त्यावर मोठी उपाहारगृहं आहेत, पोहण्याचा तलाव आहे. मेलेल्या संशोधकाची कीर्ती मेनूकार्डाला डकवणारा हा धंदा आणि त्या कीर्तीच्या उबेत फोटो काढणारे प्रवासी, दोघेही एकमेकांना शोभतात.

या जहाजांवर आपली माणसं असतात, पण त्यांची छायाचित्रं व्याख्यानांत दिसत नाहीत. गोव्याच्या सासष्टीत तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, नसलेलं घर शोधावं लागतं. जगभरच्या प्रवासी जहाजांवर गोव्याची, कोकणची, मुंबईची पोरं स्वयंपाकघरात, खोल्या आवरायला, इंजिनाशी काम करतात. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचे करार, आठवड्याला सुट्टी नाही, घर व्हिडिओ कॉलवर. आर्क्टिक वृत्त तेही ओलांडतात. त्यांना कुणी प्रशस्तिपत्र देतं का? पुण्याच्या त्या व्याख्यानात पफिनचे किती फोटो आले ते मी मोजले नाहीत. जहाजावरच्या एकाही कामगाराचं नाव आलं नाही, एवढं मात्र नक्की.

आइसलंडच्या प्रदक्षिणेचा पहिला मानकरी ठरलेला आहे. ‘लांडनामाबोक’ या जुन्या ग्रंथानुसार गार्दार स्वावारसोन या स्वीडिश दर्यावर्दीने इसवी सन 860 च्या आसपास आइसलंडला वळसा घातला आणि हे बेट असल्याचं सिद्ध केलं. हिवाळा त्याने उत्तरेला हूसाविकला काढला. आज तिथे जहाजं देवमासे दाखवायला थांबतात. वसंतात गार्दार परत निघाला तेव्हा नाट्टफारी नावाचा त्याचा माणूस, एक दास आणि एक दासी यांच्यासह मागे राहिला. गार्दारने बेटाला स्वतःचं नाव दिलं. ते टिकलं नाही. नाट्टफारीने तिथे घर केलं. मला विचाराल तर बेट कळलं असेल ते नाट्टफारीला.

आणि पैशांची वेळ आली की या मोहीमवाल्यांच्या जबाबदारीचं काय होतं तेही बघा. आइसलंडने 1 जानेवारी 2025 पासून परदेशी प्रवासी जहाजांवर माणशी, दिवसाला 2,500 क्रोना कर लावला. आपल्या हिशेबाने दीड हजार रुपयांच्या आसपास. चार लाखांच्या आत लोकसंख्या असलेला देश दरवर्षी वीस लाखांवर पाहुणे सांभाळतो. त्याने पायाभूत सोयींसाठी एवढं मागितलं. लगेच जहाज-व्यवसायाने गळे काढले: कर फार, सूचना उशिरा, जहाजं दुसरीकडे वळतील. माणशी लाखो रुपये घेणारे लोक रोजच्या दीड हजारासाठी बंदरं ओस पाडण्याची धमकी देत होते. हे त्यांचं स्थानिक समाजाशी नातं!

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा. अप्रतिम मुलूख आहे. पण जमिनीने जा. दालविकहून ग्रिमसेला फेरीबोट जाते, तीनेक तासांत. तिकडे एक रात्र रहा. वेस्टमन बेटांना ‘हेर्योल्फुर’ बोट लांडेयाहोफ्नहून पाऊण तासाच्या आत पोचवते आणि ती बव्हंशी विजेवर चालते. 23 जानेवारी 1973 च्या रात्री त्यांतल्या हेइमाए बेटावर जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारी बोटी बंदरातच होत्या, म्हणून पाच हजारांवर माणसं सकाळपर्यंत सुखरूप बाहेर पडली. मग महिनोन्‌महिने समुद्राचं पाणी पंपाने फवारून लाव्हा गोठवला आणि बंदर वाचवलं. चारेकशे घरं गेली. बहुसंख्य माणसं परत आली. ती आजही तिथे राहतात. त्यांच्या खाणावळीत जेवा, संध्याकाळी गावच्या सार्वजनिक गरम पाण्याच्या तलावात उतरा. मासळीच्या भावापासून मंत्र्यांच्या लफड्यांपर्यंत सारी चर्चा तिथेच चालते.

आणि जहाजानेच जायचं मनात असेल तर पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा: माणशी किती इंधन जाळता, आणि थांबता त्या गावांत किती पैसे खर्च करता? आकडे दिले तर खुशाल जा, आराम करा, पोटभर खा. परत आल्यावर आम्हाला फोटो दाखवा, आम्ही आनंदाने बघू. फक्त ध्रुवीय वीर म्हणून समोर उभे राहू नका. तुम्ही सुट्टीवर गेला होता.